कॉम्प्युटर सायन्सच्या अर्जात मुलीच्या कथा पाठवाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बारावी सायन्सला आहे, घर सिंहगड रोडला. कॉम्प्युटर सायन्स करायचंय, शक्यतो अमेरिकेत. सोबत अशोका आणि फ्लेम या इथल्या खासगी विद्यापीठांचे अर्ज, आणि काहीच नाही जमलं तर म्हणून एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनीअरिंगची राज्याची प्रवेशपरीक्षा. ती मराठीत कथा लिहिते, त्यातली एक गेल्या वर्षी दिवाळी अंकात आली. कथक मध्यमा पूर्णपर्यंत झालं, दहावीत सुटलं. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे. शाळेतल्या मॅडम म्हणतात, आहे ते सगळं जोडा. न्यू जर्सीचा मामा म्हणतो, यातलं काहीही घालू नका, मुलगी कॉम्प्युटरबद्दल सिरियस नाही असं वाटेल. वडील विचारतात, कोणाचं ऐकू?

पुण्यातल्या मुलांचे असे अर्ज बघणं हेच माझं काम आहे, आणि दर ऑगस्टमध्ये हा वाद कुठल्या ना कुठल्या घरात चालू असतो. माझ्या मते मॅडम आणि मामा दोघंही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतायत. मुलगी कथा लिहिते हे अर्जात सांगणं हा एक निर्णय. तिची कथा प्रत्यक्ष वाचायला पाठवणं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा ‘नको’, आणि ‘हो’ असलंच तर ते कॉलेजनुसार बदलतं.

आधी मामांच्या भीतीबद्दल. अमेरिकेतली बरीच कॉलेजं ज्यावर अर्ज घेतात त्या कॉमन ॲपमध्ये उपक्रमांसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वेगळ्या अर्जात उपक्रम, पुरस्कार वगैरे मिळून २० नोंदी करता येतात. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणाऱ्या मुलाच्या यादीत रोबोटिक्स, कोडिंग क्लब, हॅकेथॉन, ॲप असं एकाखाली एक असतंच. त्या यादीत ‘चार वर्षं मराठीत कथालेखन, एक कथा दिवाळी अंकात प्रकाशित’ ही ओळ आली म्हणून कोणी मुलीला बेफिकीर समजत नाही. यादीत कॉम्प्युटरचं काहीच नसेल तर मात्र अडचण आहे, पण ती कथा काढून सुटणारी नाही. तिथे गणित आणि प्रोग्रॅमिंगचंच काहीतरी लागेल.

ती ओळ लिहिताना परदेशातल्या वाचकाला दिवाळी अंक म्हणजे काय हे ठाऊक नाही, हे ध्यानात ठेवा. नुसतं नाव टाकलं तर त्याला ते सोसायटीच्या स्मरणिकेसारखं काहीतरी वाटेल. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठीत दरवर्षी साहित्याचे विशेषांक निघतात, हे सगळं १५० अक्षरांत मावणार नाही. पण ‘शतकाहून जुनी मराठी वार्षिक साहित्यपरंपरा’ एवढं इंग्रजीत सहज बसतं. संपादकांनी कथा निवडून घेतली असेल तर ‘निवड’ हा शब्द नक्की घाला. ओळखीतून छापली असेल तर तो घालू नका.

इंटरमिजिएटची ग्रेड सोडून द्या. दहावीच्या वाढीव गुणांसाठी तिचा उपयोग होतो, तिथे तिचं काम संपलं. कथकची नोंद यादीत खालच्या जागी चालेल. कॉमन ॲपमध्ये प्रत्येक उपक्रमासमोर तो कुठल्या इयत्तेत केला ते दाखवावं लागतं, आणि तिथे नववी ते बारावीचाच हिशोब असतो. लहानपणापासूनच्या मेहनतीला तिथे खूण करायला जागा नाही, ती वर्णनातच सांगावी लागते. तेव्हा ‘मध्यमा पूर्ण’ असं नुसतं न लिहिता इतकी वर्षं शिक्षण, इतक्या परीक्षा, असं लिहा.

आता कठीण भाग, कथा पाठवण्याचा.

पहिल्यांदा बघायचं की पलीकडे ती घेणारं कोणी आहे का. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्वसाधारण अर्जात असं काही जोडताच येत नाही. तिथे ३५० शब्दांची चार उत्तरं असतात, त्यातच काय ते सांगायचं. एमआयटी काही प्रकारचे पोर्टफोलिओ घेते: संशोधन, संगीत आणि नाट्य, दृश्यकला आणि वास्तुकला, आणि स्वतः बनवलेल्या वस्तू. कथेला तिथे खण नाही. प्रिन्स्टनच्या ऐच्छिक कला-पुरवणीत, म्हणजे मुख्य अर्जासोबत वेगळ्या पाठवायच्या कलेच्या नमुन्यांत, मात्र संगीत, नृत्य, नाट्य, दृश्यकला यांच्या जोडीला सर्जनशील लेखनही आहे. ब्रिटनच्या यूकॅसमध्ये, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जात, निवडलेल्या पाच अभ्यासक्रमांना मिळून एकच निवेदन जातं, कमाल ४,००० अक्षरांचं. २०२६च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलंय, आणि तिथल्या लोकांना विषयाशी थेट संबंध असलेलंच हवं असतं, म्हणून कॉम्प्युटर सायन्सच्या निवेदनात कथेला अर्ध्या वाक्याहून जास्त जागा देऊ नका. नियम दर वर्षी थोडे हलतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं प्रवेशाचं पान मुलीने स्वतः वाचावं आणि घेतात किंवा घेत नाहीत एवढं कागदावर मांडावं. बऱ्याच घरांत वादाचा निम्मा भाग तिथेच निकाली निघतो, कारण सातातल्या चार-पाच ठिकाणी पाठवण्याची सोयच नसते.

जिथे सोय नाही तिथे मागच्या दाराने घुसवू नका. ‘अधिक माहिती’च्या खणात अख्खी कथा चिकटवणं, वर्णनात ड्राइव्हची लिंक टाकणं, प्रवेश कार्यालयाला वेगळी मेल करणं, हे सगळं मी पाहिलंय. मुख्य अर्ज वाचणाऱ्यासमोर एका दिवसात अर्जांचा ढीग असतो. तो लिंक उघडत बसत नाही, आणि उघडलीच तर सूचना न वाचणारी मुलगी म्हणून तुमची ओळख होते.

आता जिथे घेतात तिथलं. काही कॉलेजांत हे साहित्य त्या विभागातल्या प्राध्यापकाकडे जातं आणि तो प्रवेश कार्यालयाला अभिप्राय कळवतो. म्हणजे मुलीची कथा वाचणारा माणूस लेखन शिकवणारा असणार. तो दर वर्षी मुलांच्या लेखनाचे गठ्ठे वाचतो. ‘बारावीच्या मुलीच्या मानाने छान’ हे त्याच्या लेखी काहीच नाही. साधारण नमुन्याने अर्जाला फायदा होत नाही, उलट यादीतल्या त्या एका ओळीचं वजन कमी होतं. ‘कथा प्रकाशित’ वाचून वाचकाच्या मनात जे चित्र तयार झालेलं असतं, ते कथा वाचून उतरतं. शाळेतल्या मॅडमचं ‘जोडायला काय जातंय’ मला पटत नाही ते यासाठी. जातं.

मग कथा त्या तोडीची आहे की नाही हे ठरवायचं कोणी? तुम्ही नाही, आजी नाही, आणि मराठीच्या बाईही नाहीत, कारण त्यांचा तिच्यावर जीव आहे. मी मुलांना सांगते की तीन-चार कथा घ्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या पण स्वतः लिहिणाऱ्या किंवा संपादन करणाऱ्या माणसाला द्या. पुण्यात असा माणूस सापडत नाही असं मला कोणी सांगू नये. आणि देताना ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. त्याला ‘छान आहे, लिहित राहा’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. विचारायचं असं: यातल्या दोन काढायच्या तर कुठल्या काढाल, आणि वाचताना कुठे सोडून द्यावंसं वाटलं? जो माणूस पटकन म्हणेल ‘ही ठेवा, बाकी काढा’ आणि त्या ठेवलेल्या कथेतला एखादा प्रसंग आपणहून सांगेल, त्याचं ऐका. चारही कथांबद्दल सारखंच गोड बोलला तर समजा की पाठवण्याजोगी एकही नाही. लेखनाच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. सतराव्या वर्षी बहुतेकांची नसतेच.

अनुवादाचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण खरी मेख तिथे आहे. कथा मराठीत आहे, वाचणारा इंग्रजीतला. अनुवाद मुलीनेच करायचा. मोठ्यांनी केलेला अनुवाद त्यांचाच असतो, आणि मशीनने केलेला कोणाचाच नसतो. तिने केलेला थोडा खडबडीत असला तरी चालतो. वर दोन ओळींत लिहावं की मूळ कथा मराठी आहे, अनुवाद माझा आहे, प्रकाशन अमुक अंकात. कविता शक्यतो टाळाव्यात. ओवीच्या चालीवर किंवा यमकावर उभी असलेली कविता सतराव्या वर्षी इंग्रजीत नेणं भल्याभल्यांना न झेपणारं काम आहे. कथेतही बोलीवर सगळी मदार असलेली कथा मागे ठेवा. ज्या कथेत घटना आणि माणसं स्वतःच्या पायावर उभी आहेत ती न्या. ‘आत्या’, ‘पाटा’, ‘एसटी’ असे शब्द तसेच राहू देत, तळटीपांची रांग लावू नका. वाचणारा संदर्भाने समजून घेतो.

एक मात्र मला मनापासून सांगायचंय. कथालेखनाचा सगळ्यात मोठा उपयोग पुरवणीत होत नाही, कॉमन ॲपच्या ६५० शब्दांच्या मुख्य निबंधात होतो. ज्या मुलीला प्रसंग कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे कळतं, तिचा निबंध पहिल्या परिच्छेदातच वेगळा वाटतो. त्यासाठी निबंधाचा विषय ‘मी आणि माझं लेखन’ असण्याची गरज नाही. विषय सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक असला तरी चालेल. आणि कथा आणि कॉम्प्युटर यांची ओढूनताणून सोयरीक जुळवू नका. ‘कोड लिहिणं म्हणजेसुद्धा कथा लिहिणंच’ हे वाक्य इतक्या जणांनी लिहून झालंय की ते दिसलं की मी लाल पेन उचलते. तिने खरंच काही केलं असेल, म्हणजे समजा मराठी शुद्धलेखन तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला असेल किंवा जुन्या अंकांची सूची बनवली असेल, तर ते सांगा. नसेल तर दोन आवडी शेजारी शेजारी राहू देत.

पुस्तकाबद्दलही लगेच बोलून घेते, कारण तो सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. पैसे भरून पंधरा दिवसांत कथासंग्रह छापायचा, एखाद्या सभागृहात प्रकाशन, पाहुणे, शाल-श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. घरच्या आनंदासाठी करत असाल तर जरूर करा. अर्जासाठी करू नका. बारावीच्या ऐन मोसमात निघालेलं पुस्तक कशासाठी निघालं हे वाचणाऱ्याला कळतं. संपादकाने निवडलेली एक कथा त्याहून कितीतरी भारी.

कथक चालू असतं तर माझं उत्तर वेगळं असतं. सुटलेल्या कलेचा व्हिडिओ पाठवू नका, एवढंच तुमच्यापुरतं. पण हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण रेकॉर्डिंगमध्ये मुलं हातचे गुण घालवतात. बघणाऱ्या प्राध्यापकाचं शिक्षण बहुधा पाश्चात्त्य संगीतात किंवा नृत्यात झालेलं असतं आणि वेळ काही मिनिटांचा असतो. ख्याल गाणाऱ्या मुलीने विलंबित एकतालात आलाप सुरू केला तर ती रंगात येण्याआधीच तो पुढच्या अर्जावर गेलेला असतो. मध्य लयीतली बंदिश घ्या, थोडे आलाप, ताना, संपलं. वाटल्यास दुसऱ्या फाइलमध्ये विलंबिताचा तुकडा. राग, ताल आणि गुरूंकडे किती वर्षं शिकतेय हे वर्णनात असू दे. तबलजीने लांब पेशकार न लावता कायदा, रेला आणि एखादा चक्रदार घ्यावा, लेहरा साथीला हवाच, नाहीतर समेवर आल्याचं अनोळखी कानाला कळणार कसं? नृत्यात पाय चौकटीबाहेर जातात, हा सर्रास होणारा प्रकार. कॅमेरा मागे न्या, डोक्यापासून घुंगरांपर्यंत सगळं दिसू दे. तोडे आणि तिहाया घ्याच, पण एक अभिनयाचा तुकडा घ्या, कारण नुसत्या चकरांनी तयारी दिसते, समज दिसत नाही. पंखा बंद करा. फोनचा माइक आवाज आपोआप वरखाली करतो, त्यात डग्ग्याची घुमक पार दबते, तेव्हा शक्य असेल तर बाहेरचा साधा माइक जोडा. स्नेहसंमेलनातली टाळ्या-शिट्ट्यांसकटची क्लिप किंवा लग्नाच्या फोटोग्राफरने कापून-जोडून दिलेली फिल्म नको. एका दमात घेतलेलं, न कापलेलं रेकॉर्डिंगच विश्वासाचं.

चित्रांचंही तसंच. ग्रेड परीक्षेच्या वळणाची स्थिरचित्रं, स्मरणचित्रं आणि नक्षी सगळ्यांचीच एकसारखी दिसतात. मंडईत किंवा स्वारगेटच्या स्टँडवर बसून केलेली स्केचबुकातली पानं, खाडाखोडीसकट, जास्त बोलतात.

आणि घरातल्यांना जे ‘कला’ वाटतच नाही त्याच्याकडे एकदा बघा. एका मुलाने गणेशोत्सवात मंडळाच्या हलत्या देखाव्यासाठी गाडीच्या वायपरची जुनी मोटर वापरून यंत्रणा बनवली होती. वडिलांना वाटायचं, अभ्यास सोडून वेळ घालवतोय. त्याच्या अर्जातली सगळ्यात बोलकी वस्तू तीच निघाली: बिघडलेल्या तीन आवृत्त्यांचे फोटो, हाताने काढलेली आकृती आणि शेवटी चाललेल्या देखाव्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. बनवलेल्या वस्तूंचा पोर्टफोलिओ म्हणतात तो असा. नाटकात उभं न राहता प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीची क्यू-शीटसुद्धा, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा याची यादी, यात येते.

इकडच्या अर्जांचं पटकन सांगते. एमएचटी-सीईटी आणि त्यानंतरच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांत, पर्सेंटाइल बोलतो, तिथे कथा, कथक, कशालाच जागा नाही, त्यावर एक संध्याकाळही घालवू नका. अशोका आणि फ्लेमला अर्जातलं लेखन आणि मुलाखत असते, तिथे कथांचा विषय निघू शकतो आणि निघावाही. मात्र मुलाखतीत पुढचा प्रश्न ‘सध्या काय वाचतेयस?’ हा असतो, त्याला तिच्याकडे खरं उत्तर हवं. डिझाइनकडे वळायचा विचार असेल तर गणित बदलतं. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा आणि निफ्ट या फॅशन संस्थेची प्रवेशपरीक्षा तिथल्या तिथे हाताचं काम तपासतात, तर विमाननगरच्या सिम्बायोसिस डिझाइनसारख्या ठिकाणी मुलाखतीबरोबर पोर्टफोलिओ उघडून बघतात. तिथे कामाचा नमुना ऐच्छिक नसतो, तोच अर्ज असतो.

शेवटचं, आणि हे तुमच्या पत्रात कुठेच नाही: तिला पाठवायच्यात का? तुम्ही लिहिलंय ‘आम्ही ठरवतोय’. काही मुली घरच्यांना न दाखवता लिहितात, त्यात घरचेच असतात. आजीचं आजारपण, आईबाबांची भांडणं, मैत्रिणीचं तुटणं. दिवाळी अंकात आलेली कथा सगळ्यांनी वाचलेली आहे, तिचं ठीक. वहीतल्या कथा तिने स्वतः होऊन दिल्या तरच बाहेर काढा. आणि तिने ‘नाही’ म्हटलं तर कारण विचारत बसू नका. मुलाखतीत कोणी त्या कथेवर बोललं तर उत्तर तिलाच द्यायचंय.

तिने ‘हो’ म्हटलं, आणि तिऱ्हाइताने एक कथा बाजूला काढली, तर वेळ जपा. लवकरच्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला, आणि काही ठिकाणी कला-पुरवणीची तारीख त्याच्याही आधीची असते. काही कॉलेजं पुरवणीचं वेगळं शुल्कही घेतात. मध्ये दिवाळी, मग प्रिलिम, फेब्रुवारीत बोर्ड. अनुवादाला सप्टेंबरचे शनिवार-रविवार द्या, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो एकदा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, जिथे जीभ अडते तिथे दुरुस्त करा आणि मग हात लावू नका. मराठी कथेचे कच्चे खर्डे तारखांसकट जपून ठेवा. हल्ली लेखन स्वतःचंच आहे का असं कोणी विचारलं तर खाडाखोडीच्या वहीइतका पुरावा दुसरा नाही. फाइल पीडीएफमध्ये, कॉलेजने सांगितलेल्या पानांच्या आत. मर्यादा दहा पानांची आणि कथा सहाची असेल तर सहाच पाठवा. उरलेल्या चारांत दुसरी कथा भरायचा मोह होईल. तिऱ्हाइताने काढून टाकलेल्यांपैकीच ती असणार.